चाचणीचा आकडा आणि आपले लेकरू

पाचवीतील मुलांच्या नवोदय प्रवेश परीक्षेत 80 पैकी 40 प्रश्न बुद्धिमत्तेचे, आकृत्यांचे असतात. अशाच एका परीक्षेत आमच्या मुलीचे नाव यादीत आले नाही. वर्गात पहिली येणारी पोर त्या रात्री जेवली नाही. "बाबा, मी ढ आहो का?" आम्ही निरुत्तर झालो. तशा आकृत्या तिने आधी कधी पाहिल्याच नव्हत्या! अकोल्याच्या आमच्या मेहुण्यांचाही हाच अनुभव. 1905 साली फ्रान्समध्ये बिने यांनी बुद्धिमापन चाचणी तयार केली ती अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून, शिक्का मारण्यासाठी नव्हे. म्हणून मुलांना परीक्षेला जरूर बसवा. समाजमंदिरात जुने पेपर एकत्र सोडवून घ्या. मात्र आकड्यावरून लेकराची किंमत ठरवू नका.