उपसलेलं विष कुठे सोडायचं?

दूषित भूजल उपसून काढलं, तरी पुढचा प्रश्न उरतोच: ते टाकायचं कुठे? अमेरिकेत अनेकदा त्यासाठी शहराची मलनिस्सारण वाहिनी गाठली जाते.

न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स शहराचा ‘लव्ह कॅनॉल’ घ्या. हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात तिथल्या अर्धवट खोदलेल्या कालव्यात सुमारे एकवीस हजार टन रसायनं पुरली आणि ती जमीन एका डॉलरला शाळा मंडळाला देऊन टाकली. शाळा उभी राहिली, भोवती घरं झाली. रसायनं तळघरांत झिरपू लागली, तेव्हा १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि शेकडो कुटुंबांना घरं सोडावी लागली. या प्रकरणाने देश हादरला आणि १९८० मध्ये विषारी कचऱ्याच्या जागा साफ करण्यासाठी ‘सुपरफंड’ कायदा आला.

पुरलेला कचरा आजही तिथेच आहे. त्यावर जाड झाकण आहे, भोवती जमिनीत निचऱ्याचे चर आहेत. चरांत साचणारं पाणी आधी जागेवरच सक्रिय कार्बनमधून गाळतात, मगच शहराच्या वाहिनीत सोडतात.

हे आधीचं गाळणं का हवं? सांडपाणी प्रक्रिया केंद्रं बहुधा जिवाणूंच्या जिवावर चालतात. मैला हे त्यांचं अन्न. कारखान्यातली रसायनं नव्हेत. ट्रायक्लोरोइथिलिनसारखी द्रावकं हवा खेळवण्याच्या टाकीतून उडून जातात. क्रोमियम, शिसं गाळात बसतं, आणि तो गाळ खत म्हणून शेतात जाऊ शकतो. ‘पीफास’ रसायनं तर प्रक्रियेला दाद न देता नदीपर्यंत पोहोचतात. विषाची मात्रा जास्त झाली, तर जिवाणूच मरतात आणि साऱ्या शहराचा मैला कच्चाच वाहून जातो. नायगारा फॉल्सचं केंद्र मात्र अपवाद आहे. कारखान्यांचं पाणी लक्षात घेऊन तिथे कार्बनच्या गाळण्या बसवल्या होत्या. प्रत्येक शहराकडे ती सोय नसते.

म्हणून अमेरिकेत पूर्वप्रक्रियेचे नियम आहेत. प्रक्रिया टाळण्यासाठी साधं पाणी मिसळून विष पातळ करायला मनाई आहे. पण एक पळवाटही आहे. वाहिनीतल्या घरगुती मैल्यात मिसळलेल्या पाण्याला घातक कचऱ्याचा कायदा लागू होत नाही. मग सारी भिस्त पूर्वप्रक्रियेच्या अटींवर आणि केंद्राच्या तपासणीवर राहते.

तेव्हा असं पाणी सोडण्यासाठी वाहिनीला जोडणीची परवानगी देण्याआधी पालिकेने एकच विचारावं: या रसायनाचं आमच्या केंद्रात नेमकं काय होणार? उत्तर मिळत नसेल, तर जोडणी नाकारावी.