नागासाकीला जाताय? हॉटेल बुक करण्याआधी चढ बघा!

नकाशावर हॉटेल ट्राम स्टॉपपासून ३०० मीटर. भाडं कमी, वर बंदराचा नजारा. बुकिंग करायला आणखी काय हवं? पण नागासाकीत हे ३०० मीटर सरळ वर जाणारे असू शकतात. बरीचशी वस्ती टेकड्यांच्या उतारावर आहे आणि काही गल्ल्यांत रस्ताच नाही, फक्त पायऱ्या आहेत. २० किलोची बॅग घेऊन चढताना वाचलेले पैसे आठवणार नाहीत.

या टेकड्यांनीच शहराचा इतिहासही घडवला. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११:०२ वाजता अणुबॉम्ब पडला तो उत्तरेकडच्या उराकामी खोऱ्यात. मधल्या डोंगरांमुळे दक्षिणेकडचं जुनं बंदर बऱ्याच अंशी बचावलं. म्हणूनच ओउरा चर्च आणि ग्लोव्हर यांचं घर आजही बघता येतं. देजिमा हे पंख्याच्या आकाराचं कृत्रिम बेटही इथलंच. जपानने जगासाठी दारं बंद केली होती, तेव्हा १६४१ पासून दोनशेहून अधिक वर्षं डच व्यापारी इथेच राहत. आता भरावामुळे समुद्र दूर गेलाय.

मग राहायचं कुठे?

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी स्टेशनजवळ किंवा शिनची चायनाटाऊनच्या आसपास, सपाट भागात खोली घ्यावी. पीस पार्क आणि देजिमा, दोन्हीकडे १ नंबरची ट्राम जाते. ओउरा चर्चसाठी चायनाटाऊनला उतरून ५ नंबरची ट्राम पकडायची. मिनामी-यामाते हा जुना परदेशी वस्तीचा भाग सुंदर आहे, पण चढाचा. तिथे चढ टाळण्यासाठी ग्लोव्हर स्काय रोड ही तिरकी सरकणारी लिफ्ट आहे!

खोलीच्या भाड्यावर शहराचा मुक्काम करही लागतो. माणशी, प्रतिरात्र भाडं १० हजार येनपेक्षा कमी असेल तर १०० येन, १० ते २० हजारांच्या आत २०० आणि त्यापुढे ५०० येन. चेक-इनला पासपोर्ट लागतोच.

फुकुओकाच्या हाकाता स्टेशनवरून रेल्वेने सुमारे दीड तास लागतो, ताकेओ-ओन्सेनला गाडी बदलावी लागते. त्यामुळे अनेक जण सकाळी येऊन संध्याकाळी परततात. अणुबॉम्ब संग्रहालय बघून लगेच गाडी पकडायची, तर जुनं बंदर राहूनच जातं. शिवाय ३३३ मीटर उंच इनासा डोंगरावरून दिसणारे रात्रीचे दिवे हुकतात ते वेगळंच. एक रात्र तरी ठेवाच.

फक्त ७ ते ९ ऑक्टोबरचा कुंची उत्सव आणि चिनी नववर्षाच्या सुमाराचा कंदील महोत्सव, या दिवसांत जायचं असेल तर खोली बरीच आधी बघा. शाकाहारी मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावं: इथल्या प्रसिद्ध चाम्पोन नूडल्सच्या सुपातच डुकराचं मांस आणि मासळी असते.