ब्रेक नवे, पण आवाज का? : पॅड घरी बदलल्यानंतरची शोधाशोध

(गिरीज येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची शैली शक्यतो तशीच ठेवली आहे.)

विषय ऐकून काही जण म्हणाले, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? ब्रेक वाजतात, तर गॅरेजला जा! (हशा) बरोबर आहे. पण आज आपल्यापैकी बरेच जण व्हिडिओ बघून घरीच ब्रेक पॅड बदलतात. मीही बदलले. अंगणात, रविवारी, दोन तासांत. पैसे वाचले, छाती फुगली. आणि तिसऱ्या दिवशी गाडी किंचाळायला लागली. वळणावर ब्रेक लावला की बाजूच्या वाडीतला माणूस मान वर करून बघायचा.

माझ्या गाडीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, कारण त्यात माझी एक मोठी चूक आहे. आधी हा आवाज येतो कुठून ते बघू.

आवाज कसा तयार होतो

पुढच्या चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि पॅड डिस्कला चिमटा घेतात. बस, एवढंच.

आता घरातली जड ट्रंक फरशीवरून ओढून बघा. ती सरळ सरकत नाही. अडते, सुटते, परत अडते, सुटते, आणि कर्रर्र आवाज येतो. पॅड आणि डिस्कमध्ये हेच होतं, फक्त सेकंदाला हजारो वेळा. त्या कंपनाचा मेळ डिस्कच्या स्वतःच्या कंपनाशी बसला, की डिस्क झांजेसारखी वाजते. पॅड हा टिपरू आणि डिस्क ही झांज. म्हणून आवाज एवढा मोठा. हे किंचाळणं साधारण एक हजार हर्ट्झच्या वर असतं, आणि दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यात आपला कान सगळ्यात तिखट असतो. कंपन अगदी बारीक, पण ऐकू येतं गल्लीच्या टोकापर्यंत.

ही तक्रार नवीन नाही. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. धातूवर धातू घासायचा, त्यामुळे त्या ब्रेकचा आवाज सहन होत नसे. पुढे हर्बर्ट फ्रूड यांच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या अस्तराने तो आवाज कमी झाला. आवाज गेला, पण अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ माणसाच्या फुफ्फुसात गेली, हे जगाला फार उशिरा कळलं. हे वाक्य लक्षात ठेवा : आवाज जाणं आणि दोष जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी कान लावा, मग पाना उचला

आवाज आला की आपण लगेच चाक खोलतो. थांबा. आवाज कधी येतो आणि कसा येतो, यावरच अर्धं निदान होतं.

एक. सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखर आणि मग शांत. हा डिस्कवरचा गंज. आपल्याकडे समुद्र जवळ, हवा दमट आणि खारी. रात्रभरात डिस्कवर तांबूस थर येतो आणि पॅड तो पुसून काढतात. काळजी नको.

दोन. हळूच ब्रेक लावला की चिर्रर्र, जोरात लावला की गप्प. पॅड बदलून शे-दोनशे किलोमीटरच झाले असतील, तर बहुधा पॅड अजून बसलेले नाहीत.

तीन. ब्रेक न लावताही बारीक किर्रर्र चालू, आणि पेडल दाबलं की बंद. काही पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ असते. पॅड संपत आला की ती डिस्कला लागून आवाज करते. नव्या पॅडची जीभ बसवताना वाकली किंवा पॅड उलट-सुलट जागी बसला, तर ती पहिल्याच दिवसापासून वाजते.

चार. रिव्हर्सनंतर पुढे जाताना ब्रेक लावला की एकदाच 'टक'. पॅड त्याच्या खाचेत सैल आहे. पत्र्याची क्लिप बसवायची राहिली असेल, किंवा जुनी क्लिप ढिली झाली असेल.

पाच. चाकाच्या फेऱ्याबरोबर घुं... घुं... घुं. एक तर डिस्क सरळ फिरत नाही, किंवा तिच्यामागचा धुळीचा पत्रा काम करताना वाकला आहे. कधी त्या पत्र्यात खडाही अडकतो.

सहा. लोखंडावर लोखंड घासल्याचा जाड, खरबरीत आवाज, पेडल दाबल्यावर वाढणारा. इथे निदान नाही, परीक्षण नाही. गाडी उभी करा.

आवाजाबरोबर गाडी एका बाजूला खेचत असेल, पेडल मऊ झालं असेल, जळका वास येत असेल किंवा एकच चाक जास्त तापत असेल, तर तो आवाजाचा प्रश्न राहिला नाही. तो ब्रेकचा प्रश्न झाला.

चाक खोलल्यावर काय बघायचं

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. वाडीच्या मऊ मातीत नुसता जॅक लावू नका, तो रुततो. मागच्या चाकांना दगड लावा, आणि जॅकवर उचलल्यावर खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही.

ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. पॅडमध्ये काय मिसळलंय ते डोळ्यांनी कळत नाही. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा. कॅलिपर काढला की तो रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

आता क्रमाने बघा.

पहिलं, आतला आणि बाहेरचा पॅड शेजारी ठेवा. जाडी जवळपास सारखी हवी. एक जास्त झिजला असेल, किंवा एकच पॅड एका टोकाला पाचरीसारखा झिजला असेल, तर काहीतरी अडकलं आहे.

दुसरं, स्लाइड पिन. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पिस्टन आतल्या बाजूलाच असतो. तो आतला पॅड ढकलतो, आणि अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिन अडकली तर बाहेरचा पॅड नावालाच राहतो आणि सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. पिन हाताने, बोटांच्या जोराने आत-बाहेर व्हायला हवी. 'थोडी हलते' म्हणजे हलत नाही.

तिसरं, खाचा. जुन्या क्लिपखाली गंज फुगतो, जागा आवळते आणि नवा पॅड ठोकून बसवावा लागतो. ठोकून बसवलेला पॅड मागे सरकत नाही, घासत राहतो. क्लिप काढा, गंज तारेच्या ब्रशने साफ करा, नवी क्लिप लावा.

चौथं, डिस्क. तिच्या काठावर किंवा मधल्या भागावर कमीत कमी जाडी कोरलेली असते. त्याखाली गेली असेल तर बदलायची, आणि दोन्ही बाजूंची. जुन्या डिस्कच्या बाहेरच्या काठाला झिजेने एक कंगोरा तयार होतो. नवा पॅड किंचित मोठा असला की त्या कंगोऱ्यावर चढतो आणि ओरडतो. नवी डिस्क घातली असेल, तर हबवरचा गंज साफ केला होता का? गंजाचा एक कण मध्ये राहिला तरी डिस्क डुलते. केसाच्या जाडीएवढं डुलणंही पेडलला जाणवू शकतं.

पाचवं, शिम. पॅडच्या पाठीवरचा तो पातळ पत्रा कंपन शोषून घेतो. स्वस्त पॅडच्या खोक्यात कधी शिम नसतात आणि जुने आपण टाकून दिलेले असतात. मग आवाज येणारच.

ग्रीस कुठे, आणि कुठे नाही

ब्रेकसाठीचंच ग्रीस घ्या, उच्च तापमानाचं आणि रबराला चालणारं. साध्या ग्रीसने पिनांची रबरं फुगतात आणि पिन जाम होते. लावायचं कुठे? पिनांवर, पॅडचे कान खाचेत सरकतात तिथे, आणि पॅडच्या पाठीवर पिस्टन टेकतो तिथे, तेही बोटाने पुसल्यासारखा पातळ थर. पॅडच्या घासणाऱ्या तोंडाला आणि डिस्कला कधीच नाही. तेल किंवा ग्रीस प्यालेला पॅड धुऊन, घासून, भाजून परत चांगला होत नाही. टाकून द्या.

कुणी सांगतं, डिस्कवर थोडं तेल सोड, आवाज जातो. जातो ना! आवाजाबरोबर ब्रेकही जातो.

बाहेरचे पॅड वाईटच का?

तसं नाही. बाजारातले पॅड साधारण तीन जातीचे. सेंद्रिय, म्हणजे तंतू आणि राळेचे : मऊ, शांत, लवकर झिजणारे. धातूमिश्रित : उष्णता चांगली सोसतात, पण जास्त वाजतात आणि डिस्क जास्त खातात. सिरॅमिक : शांत, धूळ कमी, किंमत जास्त. गावात आणि स्टेशनपर्यंत चालणाऱ्या गाडीला कडक धातूमिश्रित पॅड घातले, तर ते कदाचित दोषरहित असूनही वाजतील. म्हणून दुकानात 'स्वस्तातला द्या' म्हणण्याऐवजी जात विचारा, गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा, आणि खोक्यात शिम-क्लिप आहेत का ते उघडून बघा.

पॅड बसवणं म्हणजे फक्त बोल्ट आवळणं नव्हे

सगळं जोडलं, बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळले. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिलं पेडल थेट तळाला जातं. हे विसरून गाडी भिंतीवर घातलेली माणसं आहेत. ब्रेक ऑइलची पातळी बघा.

मग पॅड आणि डिस्कची ओळख करून द्यायची. पहाटे, मोकळ्या रस्त्यावर. ताशी पन्नासवरून दहापर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा, मध्ये थोडं अंतर सोडून. पूर्ण थांबायचं नाही. मग पाच-दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवून थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलात, तर पॅडचा ठसा तिथेच उमटतो. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल, तर तीच पाळा.

आता माझी चूक

माझी गाडी किंचाळत होती. मी चाक खोललं, पॅडच्या पाठीला ग्रीस लावलं, चाक बसवलं. आवाज बंद! मी खूश. डाव्या चाकाची खालची पिन जरा घट्ट वाटली होती. 'हलतेय की थोडी' म्हणून सोडून दिली.

तीन आठवड्यांनी आईला घेऊन वसई स्टेशनकडे निघालो होतो. पुढे रिक्षा अचानक थांबली. मी ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे खेचली. उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांकडे. स्टेअरिंग धरलं, सावरलो, काही झालं नाही. आई एवढंच म्हणाली, "अरे, परवापर्यंत गाडी ओरडत होती, ते बरं होतं की."

घरी येऊन खोललं. डावीकडची पिन गंजून जाम. मागच्या पावसात पाणी शिरलं असणार. आतला पॅड पाचरीसारखा झिजलेला, बाहेरचा जवळपास नवा. डावा ब्रेक अर्धाच लागत होता, म्हणून गाडी उजवीकडे गेली. किंचाळून गाडी मला हेच सांगत होती, आणि मी तिच्या तोंडावर ग्रीसचा बोळा कोंबला होता.

पिन, रबरं, क्लिप, दोन्ही बाजूंचे पॅड, सगळं बदललं. या वेळी गॅरेजमधल्या अनुभवी मिस्त्रीला शेजारी उभं केलं. त्यात लाज कसली?

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : गॅरेजवाले दादा म्हणतात, नव्या पॅडचा आवाज येणारच. मग किती दिवस ऐकायचा?*

ताई, दोनशे-तीनशे किलोमीटर. तेही आवाज कमी होत जात असेल तरच. वाढत असेल, किंवा खरखरीत असेल, तर एक दिवसही नाही.

*प्रश्न : काका, पाण्यातून गाडी काढली की ब्रेक वाजतात.*

२०१८ च्या जुलैत वसईत काय पाणी भरलं होतं ते आपण विसरलो नाही. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू चालवत दोन-तीनदा हलका ब्रेक लावा, पॅड कोरडे होतात. पण पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं असेल, तर पाऊस ओसरल्यावर पिना काढून तपासून घ्या. गंज लगेच दिसत नाही, दिवाळीला दिसतो.

*प्रश्न : माझ्या गाडीत मागून चूं-चूं येतं. तेही पॅडच का?*

मागे बहुतेक छोट्या गाड्यांना ड्रम असतो. तिथे पॅड नाही, लायनर. धूळ साचली किंवा लायनर गुळगुळीत झाला, की वाजतो. पुढचे पॅड बदलून मागचा आवाज जाणार नाही. म्हणून आधी एकाला गाडी हळू चालवायला सांगा आणि आपण बाहेर, सुरक्षित अंतरावर उभं राहून ऐका. कोणतं चाक, पुढचं की मागचं, एवढं नक्की झालं की निम्मं काम झालं.

वेळ संपली. घरी जाताना काच खाली करा, गाणी बंद ठेवा आणि एकदा आपल्या गाडीचं ऐका.