वळू, बोअर आणि फ्लोराइड

गाय दोन-तीनदा उलटली, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नाही, की पैनगंगेकाठच्या गावांत हल्ली एक निदान ठरलेलं असतं: बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं वळू निकामी झाला. आदिलाबाद जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, नदीपलीकडे यवतमाळातही आहे, तेव्हा संशय हवेतला नाही. पण आधी विचारावं, वळू कोणता? गाय कृत्रिम रेतनानं भरवली असेल तर वीर्य बाहेरच्या केंद्रातून कांडीत गोठून आलेलं. त्या वळूनं इथलं पाणी कधी चाखलंच नाही. नांगराला जुंपलेल्या बैलाचा तर प्रश्नच मिटलेला; तो खच्ची केलेला.

“प्रयोगानं सिद्ध झालंय” हेही अर्धंच खरं. अहमदाबादच्या गुजरात युनिव्हर्सिटीत एन. जे. चिनॉय आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात नर उंदरांना 30 दिवस रोज, वजनाच्या दर किलोला 10 आणि 20 मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड दिलं. शुक्राणूंची हालचाल मंदावली, वृषणाच्या पेशी बिघडल्या. डोस थांबवल्यावर बरीचशी सुधारणाही दिसली. ही बाजू मात्र कुणी सांगत नाही. उलट अमेरिकेतल्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेच्या संशोधकांनी 1997 साली छापलेल्या अभ्यासात दर लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत सोडियम फ्लोराइडचं पाणी प्यायलेल्या उंदरांमध्ये शुक्राणूनिर्मितीवर परिणाम आढळला नाही.

आता गोठ्याचा हिशेब. सोडियम फ्लोराइडमध्ये निव्वळ फ्लोराइड साधारण 45 टक्के, म्हणजे उंदराला कमी डोसमध्येही किलोमागे 4.5 मिलिग्रॅम. 300 किलोच्या जनावरानं लिटरला 3 मिलिग्रॅम फ्लोराइडचं 40 लिटर पाणी प्यायलं, तर किलोमागे 0.4. अकरा पटींचं अंतर. उंदीर आणि गाय एका तराजूत बसत नाहीत, शिवाय गाय वर्षानुवर्षं तेच पाणी पिते. तरी उंदराचा आकडा थेट वळूवर चिकटवणं बरं नाही.

मग गुरांना काहीच होत नाही? होतं, आणि ते आधी दातांत नि सांध्यांत दिसतं. भारतात फ्लोरोसिसची पहिली नोंद 1937 सालची, नेल्लोर भागातली; तिथल्या शेतकऱ्यांनी माणसांच्याही आधी बैल अडखळत चालताना पाहिले होते. कायमचे दात तयार होत असताना फ्लोराइड जास्त गेलं तर त्यांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, मग ते लवकर झिजतात. बाजारात चार-दाती गोऱ्ह्याचा जबडा उघडून वय बघतो, तेव्हा त्याच दातांवर तो कुठलं पाणी पिऊन वाढला हेही थोडंफार वाचता येतं.

“उकळून पाजा” हा सल्ला तर उलटाच. वाफ होऊन पाणी उडतं, फ्लोराइड भांड्यातच राहतं, प्रमाण वाढतं. चवीनं, रंगानंही कळत नाही. नमुना तपासावाच लागतो. माणसाच्या पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात लिटरला 1 मिलिग्रॅम फ्लोराइड ही मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनं बसवलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड खाली बसवतात. पण गोठाभर गुरांसाठी रोज तो खटाटोप कोण करणार? त्यापेक्षा वासरांना तरी नाल्याचं किंवा शेततळ्याचं पाणी द्यावं, आणि उलटणाऱ्या गायीसाठी बोअरला दोष देण्याआधी डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्यावं, माज नीट ओळखला जातोय का तेही बघावं.