घरातील बोलकी उपकरणे आणि आपली खासगी माहिती

खातेदाराच्या व्यवहारांची गुप्तता राखणे हा बँकव्यवसायाचा जुना दंडक आहे. मात्र आपल्याच दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संच अशी गुप्तता पाळतोच असे नाही. संच, शीतकपाट किंवा धुलाईयंत्र इंटरनेटला जोडले की खरेदीनंतरही उत्पादकाशी असलेला संबंध सुरूच राहतो.

अनेक स्मार्ट संचांत पडद्यावरील दृश्यांचे नमुने घेऊन ते कंपनीकडील संग्रहाशी ताडून पाहण्याची सोय असते. त्यामुळे सेट-टॉप बॉक्समधून आलेला कार्यक्रमही ओळखता येतो. घरातील संच व मोबाईल एकाच वाय-फायवर असल्याने त्यांची सांगड घालता येते आणि संचावर पाहिलेल्या विषयाची जाहिरात मोबाईलवर दिसू शकते. ग्राहकाच्या आवडीनिवडी हीच येथे विक्रीची वस्तू ठरते.

विझिओ या कंपनीने सुमारे 1 कोटी 10 लाख संचांतून अशी माहिती प्रेक्षकांच्या संमतीविना गोळा केल्याचा आरोप झाला व 2017 मध्ये अमेरिकेत तिने 22 लाख डॉलर भरून तडजोड केली. 2025 मध्ये सॅमसंगने तेथील काही शीतकपाटांच्या पडद्यावर जाहिराती दाखविण्याचा प्रयोग आरंभिला. पूर्ण किंमत मोजून घेतलेली वस्तूही अशा रीतीने जाहिरातफलक होऊ शकते.

आपल्याकडील कायद्याच्या वाटचालीत बंगळुरूचा वाटा मोठा आहे. तेथील निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी 2012 मध्ये आधार योजनेविरुद्ध याचिका केली. तीतूनच 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढे 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. संमती मोकळेपणाने व माहितीपूर्वक दिलेली असावी आणि ती देण्याइतकेच मागे घेणेही सुलभ असावे, हे त्याचे सूत्र आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनांसाठी 18 महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

कायदा असला तरी 'मान्य' हे बटण आपणच दाबतो. म्हणून पुढील दक्षता घ्यावी :

1. संच प्रथम सुरू करताना पाहण्याच्या सवयींविषयीची संमती नाकारावी. सॅमसंगच्या संचांत ही सोय 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', तर एलजीच्या संचांत 'लाइव्ह प्लस' या नावाने आढळते. ती बंद केल्याने कार्यक्रम दिसणे थांबत नाही.

2. संचावरून वर्गणी भरल्यास स्वयंचलित कपातीपूर्वी बँकेकडून येणारी सूचना अवश्य वाचावी व नको असलेली सेवा तत्काळ रद्द करावी.

3. राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा. शक्य असल्यास उपकरणांसाठी वेगळे 'गेस्ट' जाळे ठेवावे, म्हणजे बँकिंगचा मोबाईल त्यांच्यापासून अलग राहील.

4. जुना संच विकताना किंवा बदली देताना 'फॅक्टरी रीसेट' करून सर्व खाती पुसून टाकावीत.

कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी अटी वाचाव्यात, असे आम्ही ग्राहकांना नेहमी सांगतो. संचाच्या पडद्यावरील संमतीपत्रालाही तोच नियम लागू आहे.