विश्लेषण : संगणकाच्या पोटात दुसरा संगणक… जुन्या मराठी फाइल उघडण्याचा हा मार्ग कसा आहे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार थांबवला. ‘विंडोज ११’ जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे बसत नसल्याने अनेकांना नवा संगणक घ्यावा लागला. छोट्या प्रकाशकांपुढे आणि डीटीपी व्यावसायिकांपुढे मात्र वेगळाच प्रश्न आहे. १५-२० वर्षांपूर्वी पेजमेकरमध्ये जुळवलेली पुस्तके आणि दिवाळी अंक नव्या संगणकावर उघडायचे कसे? नव्या संगणकाच्या आत जुना संगणक सॉफ्टवेअरने उभा करणे, हे त्याचे एक उत्तर आहे.

जुनी फाइल का उघडत नाही?

पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, ‘ॲडोबी’ने २००१ मध्ये आणली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘विंडोज एक्सपी’ बाजारात आली. त्यानंतर कंपनीने सारा भर इनडिझाइनवर दिला. इनडिझाइनच्या ‘सीएस ६’ आवृत्तीपर्यंत पेजमेकरच्या फाइल उघडता येत. पुढच्या ‘सीसी’ आवृत्त्यांतून ती सोय गेली.

मराठीची अडचण याहून मोठी आहे. त्या काळी छापखान्यांत युनिकोड नव्हते. पुण्याच्या ‘मॉड्युलर इन्फोटेक’ची श्रीलिपी किंवा ‘सी-डॅक’चे आयएसएम अशी सॉफ्टवेअर आणि त्यांचे स्वतःचे फॉन्ट वापरले जात. पडद्यावर ‘क’ दिसला तरी संगणकाच्या लेखी तो एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असे. फॉन्ट नसला की पानभर निरर्थक चिन्हांची रांगोळी. फाइल, ती बनवणारे सॉफ्टवेअर, फॉन्ट आणि या सगळ्यांना चालवणारी विंडोज, हे चौघे एकत्र असतील तरच पान जसेच्या तसे दिसते. म्हणून केवळ फाइल जपून भागत नाही. तिचे सगळे बिऱ्हाडच हलवावे लागते.

एम्युलेशनची कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. ‘आयबीएम’ने १९६४ मध्ये ‘सिस्टिम/३६०’ हे संगणक जाहीर केले, तेव्हा ग्राहकांची काळजी हीच होती. ‘१४०१’ या आधीच्या यंत्रासाठी लिहून घेतलेले पगाराचे, हिशेबाचे प्रोग्रॅम फेकून द्यायचे का? नव्या यंत्राला जुन्याची नक्कल करायला शिकवून कंपनीने तो पेच सोडवला. ‘ॲपल’ने १९९४, २००६ आणि २०२० अशी तीनदा मॅकच्या प्रोसेसरची जात बदलली, तेव्हाही दर वेळी जुने सॉफ्टवेअर चालवणारा अनुवादक सोबत दिला. हा अनुवादक कायमचा नसतो, हेही ‘ॲपल’नेच दाखवले आहे.

हे काम कसे चालते?

एम्युलेटर म्हणजे दुभाषा. जुन्या प्रोग्रॅमची प्रत्येक आज्ञा तो नव्या प्रोसेसरच्या भाषेत सांगतो. शिवाय मेमरी, हार्ड डिस्क, पडदा, कीबोर्ड हे सारे खरेच आहे, असा आभास तो जुन्या विंडोजला देतो. जुन्या विंडोजची ‘हार्ड डिस्क’ ही प्रत्यक्षात नव्या संगणकावरची एक मोठी फाइल असते. फ्रेंच प्रोग्रॅमर फॅब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये आणलेले ‘क्यूईएमयू’ हे या प्रकारातले सर्वात महत्त्वाचे मोफत सॉफ्टवेअर. दर वाक्याला दुभाषा लागला की संभाषण रेंगाळते, तसा वेग मात्र कमी होतो.

दोन्हीकडची भाषा एकच असेल, तर दुभाषाची गरज उरत नाही. साध्या इंटेल किंवा एएमडी संगणकावर एक्सपी चालवताना नेमके हेच घडते. एक्सपीच्या बहुतेक आज्ञा थेट प्रोसेसरकडे जातात. सॉफ्टवेअर फक्त मधली भिंत सांभाळते. याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. बोलण्यात दोन्हींना सर्रास ‘एम्युलेटर’च म्हटले जाते, पण वेगातला फरक जमीन-अस्मानाचा असतो. ‘ओरॅकल’चे व्हर्च्युअलबॉक्स मोफत मिळते. ‘व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो’साठी पूर्वी पैसे मोजावे लागत, २०२४ पासून तेही मोफत आहे. पेजमेकरसारखे हलके सॉफ्टवेअर यांत सहज चालते.

मॅक आणि मोबाइलवर जमेल?

‘एम’ मालिकेतल्या मॅकचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा असल्याने तिथे एक्सपीसाठी दुभाषा हवाच. क्यूईएमयूवर आधारलेले ‘यूटीएम’ ते काम करते, पण संथपणे. त्याचीच ‘यूटीएम एसई’ ही आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आयफोनच्या ॲप स्टोअरवर आली. आयफोनवर जुनी विंडोज सुरू झालेली पाहायला गंमत वाटते. पण ‘ॲपल’च्या नियमांमुळे तिथे अनुवादाचे वेगवान तंत्र वापरता येत नाही. २०० पानांचे पुस्तक तपासण्याची ती जागा नव्हे.

अडते कुठे?

पहिली अडचण परवान्याची. एक्सपी जुनी झाली, मोफत झालेली नाही. मूळ सीडी आणि तिचा क्रमांक हवा. संगणकासोबत आलेला परवाना तर बहुतेक वेळा त्याच यंत्रापुरता असतो. इंटरनेटवर ‘तयार एक्सपी’ फुकट देणाऱ्यांपासून दूर राहिलेलेच बरे. आत काय भरले आहे, कोण सांगणार?

दुसरी अडचण ‘लॉक’ची. जुनी मराठी सॉफ्टवेअर अनेकदा डाँगल लावल्याशिवाय चालत नाहीत. डाँगल यूएसबीचे असेल तर ते आतल्या विंडोजला जोडून देण्याची सोय व्हर्च्युअलबॉक्समध्ये आहे. त्याआधीचे, २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टचे असेल तर आजच्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. अशा वेळी जुना डेस्कटॉप भंगारात न देणे हाच शहाणपणा.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला. त्यामुळे आतल्या एक्सपीचे नेटवर्क बंद ठेवावे आणि फाइलची ने-आण सामायिक फोल्डरमधून करावी.

फाइल उघडली, पुढे काय?

पान दिसले म्हणजे मजकूर सुटला असे नाही. तो अजून जुन्या फॉन्टच्या सांकेतिक भाषेतच आहे. त्यामुळे दोन कामे लगेच करावी लागतात. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ काढली की पान जसे होते तसे राहते. पुनर्मुद्रणाला तीही पुरते. मात्र ई-बुक करायचे किंवा मजकुरात शब्द शोधायचा, तर युनिकोड रूपांतर हवेच. ते करणारे कन्व्हर्टर मिळतात, पण रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी यांत ते हटकून चुकतात. म्हणजे मुद्रितशोधन पुन्हा आले, आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो.

सगळे नीट बसले की आतला संगणक बंद करून त्याच्या डिस्कची फाइल कॉपी करून ठेवता येते. काही जीबीच्या त्या एकाच फाइलमध्ये विंडोज, पेजमेकर, फॉन्ट आणि पुस्तके सारे मावते. पुढचा संगणक आला की तीच फाइल तिथे जोडता येते. त्याआधी, कपाटातल्या सीडींवर जे आहे ते यूएसबीवर चालणाऱ्या सीडी ड्राइव्हने हार्ड डिस्कवर घ्यावे. जुन्या ‘राइट’ केलेल्या सीडी खराब होतात, आणि जी फाइल वाचताच येत नाही ती एम्युलेटरही उघडू शकत नाही.