बॉयकॉट : आडनावाचं क्रियापद कसं झालं?

कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८७९चं पीक बुडालं, म्हणून पुढच्या वर्षी कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. जमीनदार १० टक्क्यांपुढे जाईना. सप्टेंबर १८८०मध्ये बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा बजावायला घेतल्या.

त्याच महिन्यात आयर्लंडमधल्याच एनिसच्या सभेत, कुळांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या लँड लीग या संघटनेचे नेते पार्नेल यांनी शेतकऱ्यांना एक मार्ग सांगितला होता. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो कसायला घेईल, त्याच्या अंगाला हात लावू नका. त्याच्याशी बोलणं-चालणं, देणं-घेणं तोडा. मेयोच्या लोकांनी हा उपाय थेट कारभाऱ्यावरच चालवला. गडीमाणसं काम सोडून गेली, लोहार नाल ठोकेना, दुकानदार सामान देईना. पीक शेतात उभंच. नोव्हेंबरात उत्तरेकडून सुमारे ५० स्वयंसेवक काढणीला आले आणि त्यांच्या रक्षणासाठी जवळजवळ हजार सैनिक नि पोलीस! काढलेल्या पिकाच्या कितीतरी पट खर्च बंदोबस्तावर झाला. १ डिसेंबरला बॉयकॉटने आयर्लंड सोडलं.

अशा वागण्याला ‘ऑस्ट्रसाइज’ हा जुना शब्द होता, पण तो शेतकऱ्यांच्या तोंडी बसणारा नव्हता. तेव्हा तिथले पाद्री फादर जॉन ओमॅली यांनी ‘बॉयकॉट’ असंच म्हणूया असं सुचवलं, अशी नोंद अमेरिकी पत्रकार जेम्स रेडपाथ यांनी केली. वर्ष सरण्याआधीच तो शब्द लंडनच्या वृत्तपत्रांत पोहोचला. पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनीही तो घेतला.

मराठीत त्याला ‘बहिष्कार’ म्हटलं गेलं. वंगभंगानंतर टिळकांच्या चतु:सूत्रीत तो स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या जोडीला आला. पण हा शब्द आपल्याकडे आधीपासून होता, आणि त्याची धार नेमकी उलट्या दिशेची होती. मेयोत दुबळ्यांनी सत्तेच्या माणसाशी व्यवहार तोडला. जातपंचायतीचा बहिष्कार मात्र जमातीने एकट्या घरावर घातलेला. पाणी बंद, लग्नकार्य बंद, मयताला खांदा बंद. डॉ. आंबेडकरांनी १९२७मध्ये आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिलं, ते या दुसऱ्या अर्थाने. परदेशी मालावरचा बहिष्कार आणि माणसांवरचा बहिष्कार एकाच शब्दात कोंबले, की दुसऱ्याचं क्रौर्य झाकलं जातं. त्याला ‘वाळीत टाकणं’ म्हणावं, असं मला ठामपणे वाटतं. महाराष्ट्राच्या २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने याच प्रकाराला गुन्हा ठरवून तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद केली. निवडणुकीवर किंवा मालावर टाकलेला बहिष्कार त्यात येत नाही.